ओतोयो जिन्जा: क्योतोतल्या उंदरांच्या देवळात दर्शन कसं घ्यावं, क्रमानं

जपानमधल्या क्योतोत 'तेत्सुगाकु-नो-मिची' नावाची कालव्याकाठची वाट आहे. तिच्या दक्षिण टोकाकडे, डोंगराच्या पायथ्याला ओतोयो जिन्जा हे शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचं, लहानसं देऊळ आहे. तिथे ओकुनिनुशी या देवाच्या घुमटीपुढे सिंहासारख्या कोमाइनूंच्या जागी दगडी उंदरांची जोडी राखणीला बसलेली असते. आपल्याकडचे लोक हे उंदीर बघायला हौसेनं येतात, थेट त्यांच्यापाशी जातात, फोटो काढतात, हळूच कानात इच्छा सांगतात आणि परत फिरतात. मुख्य देवळापुढे उभंसुद्धा राहत नाहीत.

माझ्या आईनंही पहिल्या भेटीत हेच केलं. गणपतीच्या उंदराला सांगतो तसं, एक कान हातानं झाकून दुसऱ्या कानात बराच वेळ बोलली. मागे एक वयस्क जपानी बाई हातात नाणं धरून मुकाट्यानं थांबल्या होत्या. आईचं काहीच चुकलं नव्हतं, तिला आधी सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला निघायच्या आदल्या रात्री जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

मोठ्या देवळात पुढच्या माणसाचं बघून निभावता येतं. लहान देवळात सकाळच्या वेळी तुम्ही एकटेच असता, म्हणून क्रम आधीच डोक्यात हवा.

## १. आदल्या रात्रीची तयारी

सुटे पैसे. पाच येनचं नाणं पितळी रंगाचं असतं आणि त्याच्या मधोमध भोक असतं. त्यावर एकही आकडा नसतो, किंमत जपानी लिपीत लिहिलेली असते. म्हणून आपली माणसं ते ओळखत नाहीत. भोक असलेलंच पण चंदेरी आणि ५० आकडा असलेलं नाणं वेगळं. पाच येन म्हणजे 'गो-एन', आणि 'गोएन' याचाच दुसरा अर्थ ऋणानुबंध, म्हणून दानपेटीत हे नाणं टाकायची पद्धत. ओतोयोत मुख्य देऊळ धरून चार-पाच ठिकाणी नाणं टाकायचं असतं, तेव्हा माणशी पाच नाणी जवळ ठेवा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. जानेवारी २०२२ पासून जपानच्या टपाल बँकेत ठरावीक संख्येपेक्षा जास्त नाणी भरायला शुल्क पडतं. खिशात साठलेली एक-एक येनची मूठभर नाणी लहान देवळाच्या पेटीत रिकामी केलीत, तर तो बोजा देवळावरच पडतो. उपदेवळांपुढे पाच येन टाका, पण मुख्य देवळापुढे शंभराचं एक नाणं टाकलंत तर जास्त बरं. भारतीय नाणी अजिबात नकोत, ती तिथे कुणाच्याच उपयोगाची नाहीत.

हातरुमाल. हात धुतल्यावर पुसायला तिथे काही ठेवलेलं नसतं. ओल्या हातानं नाणं, वही आणि मोबाइल सांभाळताना धांदल उडते.

शिक्क्यांची वही. देवदर्शनाची खूण म्हणून पुजारी हातानं लिहून शिक्का देतात, त्याला गोशुइन म्हणतात. त्यासाठी घडीच्या जाड पानांची खास वही मिळते. ती आधी कुठल्याही मोठ्या देवळात किंवा कागद-लेखणीच्या दुकानात घ्या. रोजची डायरी किंवा स्टेशनांवरचे शिक्के गोळा केलेली वही पुढे करू नका. ती नाकारली जाऊ शकते, आणि नाकारली तर वाईट वाटून घेऊ नका.

नेऊ नये असं काही. हार, नारळ, अगरबत्ती, कुंकू, पेढे यातलं काहीही नको. शिंतो देवळात भाविकानं उदबत्ती लावायची पद्धत नाही, ती बौद्ध देवळातली. खाऊ ठेवलात तर तो कावळे पसरतात आणि झाडायचं काम तिथल्या एक-दोन माणसांवर पडतं.

> आधी विचारून घ्या: घरात नुकतं कुणी गेलं आहे का? शिंतोतही सुतकासारखी रीत आहे. जवळचं माणूस गेलं की ५० दिवस देवळाच्या तोरीतून, म्हणजे प्रवेशाच्या कमानीतून, आत जात नाहीत. परदेशी पाहुण्याला हे कुणी विचारणार नाही. पण आपल्यातल्या पुष्कळांना ते स्वतःलाच महत्त्वाचं वाटतं, आणि नंतर कळलं तर हळहळ लागते.

## २. दिवस आणि वेळ

सकाळी साडेआठ-नऊला पोहोचा. चिठ्ठ्या, ताईत आणि शिक्के देणारी खिडकी लहान देवळांत साधारण नऊला उघडते आणि दुपारी चार-पाचला बंद होते. फक्त दर्शन घ्यायचं असेल तर आणखी लवकर गेलात तरी चालेल. अंधार पडल्यावर जाऊ नका. मागे डोंगर आहे, भोवती राहती घरं आहेत.

जानेवारीचे पहिले तीन दिवस टाळा. जपानी वर्षांना बारा प्राण्यांची नावं आहेत, आणि ज्या प्राण्याचं वर्ष त्याच्या देवळापुढे नववर्षाला रांग लागते. उंदराचं वर्ष २०२० ला होतं, पुढचं २०३२ ला येईल. पण ओतोयोत माकडाचीही जोडी आहे, आणि माकडाचं वर्ष २०२८. तेव्हा तो जानेवारीही गर्दीचा धरून चाला.

## ३. पोहोचणं

क्योतो स्टेशनवरून ५ क्रमांकाची शहर बस घ्या आणि हिगाशी-तेन्नोचो थांब्यावर उतरा. तिथून पूर्वेला, म्हणजे डोंगराच्या दिशेनं, दहा-बारा मिनिटं चालायचं. वाटेच्या उत्तर टोकाजवळचं गिन्काकुजी हे बौद्ध देऊळ बघून कालव्याच्या वाटेनं दक्षिणेला येत असाल तर सावकाश चालीनं अर्धा तास धरा. पूर्ण वाट सुमारे दोन किलोमीटरची आहे, देऊळ तिच्या शेवटाच्या जरा अलीकडे डावीकडे आत लागतं.

बसमध्ये मागच्या दारानं चढतात, पुढच्या दारानं उतरतात आणि पैसे उतरताना देतात. भाड्याची पेटी उरलेले पैसे परत देत नाही. चालकाशेजारच्या यंत्रात आधी हजाराची नोट मोडून घ्या आणि नेमकं भाडं टाका. बस थांबलेली असताना मोडा, चालत्या बसमध्ये तोल जातो.

स्वच्छतागृहाचं काम वाटेतच उरकून घ्या, लहान देवळात ते असेलच असं नाही. कचऱ्याची पेटी तर नसतेच, म्हणून एक रिकामी पिशवी जवळ ठेवा.

## ४. तोरीखालून आत

तोरी म्हणजे दोन खांब आणि वर आडव्या तुळया असलेली कमान. इथून देवाची हद्द सुरू होते.

तोरीच्या अलीकडे क्षणभर थांबा. टोपी आणि गॉगल काढा, बोलणं बंद करा, कमरेतून थोडं वाकून एकदा नमस्कार करा आणि मग आत पाऊल टाका. वाटेच्या मधून चालू नका. मधली पट्टी देवाची, माणसांनी डाव्या किंवा उजव्या कडेनं जायचं.

चपला-बूट काढू नका. आपला हात सवयीनं बुटाच्या बंदाकडे जातो, पण इथे अंगणात पायताण घालूनच वावरतात. लाकडी पायरी चढून इमारतीच्या आत बोलावलं, तरच काढायचं.

तोरीच्या खांबाला टेकून फोटो नको, आणि तिच्या पायथ्याशी बसून पाणी प्यायलाही नको.

## ५. हात आणि तोंड धुणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा. वाटेच्या कडेला छपराखाली दगडी कुंड असतं आणि त्यावर लांब दांड्याची लहान ओगराळी ठेवलेली असतात. एका ओगराळ्यातल्या पाण्यात सगळं उरकायचं असतं.

१. उजव्या हातात ओगराळं धरून पूर्ण भरून घ्या.
२. थोडं पाणी ओतून डावा हात धुवा.
३. ओगराळं डाव्या हातात घेऊन उजवा हात धुवा.
४. पुन्हा उजव्या हातात घ्या, डाव्या तळव्याच्या ओंजळीत थोडं पाणी ओता आणि त्यानं तोंड हलकं खंगाळा. पाणी कुंडाबाहेर, खाली वाकून, आवाज न करता टाका. दुसरा हात तोंडाआड धरा.
५. ओठ लागलेला डावा हात पुन्हा धुवा.
६. उरलेल्या पाण्यासकट ओगराळं उभं करा. पाणी दांड्यावरून ओघळून तुम्ही धरलेली जागा धुतली जाते. मग ते पालथं ठेवा.

सहावी पायरी बहुतेक जण गाळतात. ती पुढच्या माणसासाठी आहे. तुमच्या हाताचा दांडा त्याच्या हातात जाऊ नये, एवढाच तिचा अर्थ.

आपल्याकडून होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ओगराळं थेट तोंडाला लावणं, तीर्थ समजून पाणी पिणं किंवा डोक्याला लावणं, हात कुंडात बुडवणं, कुंडात चूळ टाकणं. पायांवर पाणी घेणं हीही त्यातलीच. आपल्याला पाय धुऊन आत जायची सवय आहे, इथे पायांचा संबंध नाही.

> ओगराळी दिसत नसतील तर: करोनानंतर पुष्कळ देवळांनी ती काढून ठेवली आणि बांबूच्या नळीतून पाण्याची धार सोडली. तिथे धारेखाली आधी डावा, मग उजवा हात धुवा. तोंड धुतलं नाही तरी चालतं.

हात पुसा. रुमाल खिशात गेला, नाणं हातात आलं, की पुढे चला.

## ६. आधी मुख्य देऊळ

उंदीर दिसले तरी तिकडे वळू नका. या देवळाचं मुख्य दैवत सुकुनाहिकोना हा औषधविद्येचा देव. त्याच्यासोबत सम्राट ओजिन आणि विद्येचा देव मानला गेलेला विद्वान सुगावारा नो मिचिझाने यांचीही इथे स्थापना आहे. प्राणी हे देव नाहीत, ते देवाचे दूत आणि राखणदार आहेत. घरी जाऊन यजमानांशी न बोलता दाराशी बसलेल्याशीच गप्पा मारून परत यावं, तसं होतं. इथे मुख्य देवळापुढच्या जोडीकडेही नीट बघा. ते साप आहेत. घाईत आलेल्यांना ते दिसतच नाहीत.

दानपेटीपुढे आल्यावर:

१. हलका नमस्कार करा. नाणं पेटीत सोडा, लांबून फेकू नका.
२. घंटेचा दोर असेल तर एकदा-दोनदा हलवा. घंटा प्रार्थनेच्या आधी वाजवायची, परत जाताना नाही.
३. कमरेतून खोल, जवळपास काटकोनात, दोनदा वाका.
४. छातीच्या उंचीवर तळवे जोडा, उजवा तळवा बोटाच्या एका पेराएवढा खाली सरकवा आणि दोन टाळ्या वाजवा.
५. तळवे पुन्हा सरळ जुळवून मनात प्रार्थना करा. आधी आपलं नाव आणि गाव सांगायचं, मग आभार, मग मागणं. मराठीत सांगितलं तरी चालतं.
६. हात खाली घेऊन एकदा खोल वाका.

दोनदा वाकणं, दोन टाळ्या, एकदा वाकणं. एवढं पाठ असलं की जपानमधल्या बहुतेक शिंतो देवळांत पुरतं. साष्टांग नमस्कार घालू नका, पायरीला डोकं टेकवू नका. प्रदक्षिणेची पद्धत नाही. देवळाच्या मागे जायला वाट दिसली तरी ती भाविकांसाठी नसते. आरती किंवा स्तोत्र मोठ्यानं म्हणू नका.

मागे कुणी उभं असेल तर मागण्यांची यादी लांबवू नका. झालं की एक पाऊल कडेला सरका आणि मग वळा.

## ७. आता उंदीर

ओकुनिनुशीची घुमटी लहान आहे, दोन-तीन माणसं उभी राहिली की जागा भरते. एका उंदराच्या हातात विद्येची खूण असलेली गुंडाळी आहे, दुसऱ्याच्या हातात गोल भांडं. उंदीरच का, हे दोन वाक्यांत सांगते, कारण ते माहीत असलं की वागणं आपोआप बदलतं. ७१२ साली लिहिलेल्या 'कोजिकी' या जपानी पुराणकथांच्या ग्रंथात कथा आहे: सुसानोओ या देवानं माळावर मारलेला बाण आणायला ओकुनिनुशी गेला असता सुसानोओनंच भोवती आग लावली, तेव्हा उंदरानं त्याला जमिनीतली पोकळी दाखवून वाचवलं आणि बाणही आणून दिला. म्हणजे गणपतीच्या वाहनासारखं नातं इथे नाही, हा प्राण वाचवणारा सोबती आहे.

इथला क्रम मुख्य देवळासारखाच: नाणं, दोनदा वाकणं, दोन टाळ्या, प्रार्थना, एकदा वाकणं. ओकुनिनुशीच्या इझुमो इथल्या मोठ्या देवळात चार टाळ्या वाजवतात. ते वाचून आलेले काही जण इथेही चार वाजवतात. फलकावर वेगळं लिहिलेलं नसेल तर दोनच वाजवा.

इच्छा घुमटीकडे तोंड करून, मनात सांगा. कानात नको, आणि एक कान झाकायची तर गरजच नाही. उंदराच्या डोक्यावर, मांडीवर किंवा भांड्यात नाणी ठेवू नका. दगडाला चरे पडतात, पाऊस लागला की डाग पडतात. पायावर डोकं टेकवणं, गळ्यात माळ घालणं, लहान मुलाला उंदरावर बसवणं हे सगळं टाळा.

> हात लावायचा की नाही? तिथे लावा असं लिहिलेलं किंवा चित्र असेल, तरच. काही देवळांत हात लावणं हाच विधी असतो. मिचिझानेच्या देवळांतल्या बैलाला लोक आपल्या दुखऱ्या अवयवाच्या जागी चोळतात. पण एका देवळातली रीत दुसऱ्या देवळात न्यायची नाही.

जवळच इतर देवांच्याही घुमट्या आहेत: हियोशीच्या घुमटीपुढे माकडं आहेत, आगीपासून राखणाऱ्या अतागोपुढे घार आहे आणि इनारीपुढे कोल्हे आहेत. वेळ असेल तर प्रत्येकापुढे थांबून नमस्कार करा. घाई असेल तर एकापुढेच नीट करा, पाचांपुढे पळत-पळत नको. घारीकडे मात्र मुद्दाम बघा. जपानी देवळांत राखणीला घार क्वचितच बसलेली दिसते, आणि उंदरांच्या नादात तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

## ८. फोटो

प्रार्थना झाल्यावर काढा, आधी नाही. कडेला उभं राहून काढा. दरवाज्याच्या आतल्या गाभाऱ्याचा फोटो घेऊ नका, तिपाई उभी करू नका. दुसरं कुणी प्रार्थना करत असेल तर मोबाइल खाली घ्या. उंदराच्या गळ्यात हात टाकून फोटो घ्यायचा मोह सगळ्यांना होतो, तोही सोडा. त्याच्या उंचीवर उकिडवं बसून घेतलेला फोटो जास्त छान येतो.

## ९. खिडकीवरची कामं

दर्शन पूर्ण झाल्यावरच इकडे या. शिक्का ही दर्शनाची खूण आहे. 'आधी वही देऊन ठेवू, तोवर फिरून येऊ' असं फक्त तिथल्या माणसानंच सुचवलं तर करा.

शिक्का. वहीचं कव्हर काढा, हवं ते कोरं पान उघडून दोन्ही हातांनी द्या. बहुतेक ठिकाणी ५०० येनच्या आसपास घेतात, सुटे तयार ठेवा. लिहिताना बोलू नका, चित्रीकरण करू नका. वही परत मिळाल्यावर शाईवर ठेवलेला टिपकागद लगेच काढू नका. लहान देवळात पुजारी दुसऱ्या कामाला गेलेले असतात, तेव्हा आधीच लिहून ठेवलेला सुटा कागद मिळतो. तो तेवढाच खरा आहे, हातानंच लिहून द्या म्हणून अडून बसू नका.

ओमिकुजी. हा चिठ्ठीवरचा कौल. 'दाइकिची' सर्वात शुभ, 'क्यो' म्हणजे अशुभ. क्यो आला म्हणून लगेच दुसरी चिठ्ठी काढू नका. बांधायला ठेवलेल्या दोऱ्यांना किंवा चौकटीला ती बांधा. झाडाच्या फांदीला नको, कोवळी डहाळी त्यानं मोडते. शुभ आला तर घरी नेली तरी चालते.

लाकडी फळी. 'एमा'वर इच्छा लिहून टांगतात. मराठीत लिहा, ठळक लिहा. पूर्ण पत्ता आणि पासपोर्टवरचं नाव लिहायची गरज नाही.

ताईत. 'ओमामोरी'ची पिशवी उघडून आत बघायचं नसतं. वर्षानं तो देवळात परत द्यायची रीत आहे. भारतात नेणार असाल तर देव्हाऱ्यात जपून ठेवा.

> निघण्याआधी बघा: वहीची शाई वाळली का, रुमाल कुंडाजवळ राहिला का, कचरा पिशवीत गेला का. तोरीबाहेर पडल्यावर मागे वळून देवळाकडे तोंड करा आणि एकदा वाका. हे लोक हमखास विसरतात.

## १०. जोडून जायचं असेल तर: ओकाझाकी जिन्जाचे ससे

परत हिगाशी-तेन्नोचोकडे आलात की तिथून मारुतामाची रस्त्यानं पश्चिमेला चार-पाच मिनिटांवर ओकाझाकी जिन्जा आहे. इथला प्राणी ससा, आणि मुख्य दैवतांत तोच सुसानोओ, उंदरांच्या कथेत माळाला आग लावणारा. दर्शनाचा क्रम वरचाच, पण एक फरक मोठा आहे.

इथे हात लावायचा असतो. हात धुवायच्या कुंडाजवळ काळ्या दगडाचा, मान उंचावून बसलेला ससा आहे. त्याच्यावर पाणी घालून पोट चोळायचं आणि मूल व्हावं, बाळंतपण सुखरूप व्हावं असं मागायचं. या देवळात पुष्कळ जोडपी त्यासाठीच येतात, काही जण अनेक वर्षं वाट बघून आलेली असतात. म्हणून या सशाभोवती घोळका करून हसत फोटो काढू नका, आणि तुमच्यातल्या कुणाला "तुम्हीही चोळा, आता मनावर घ्या" असं चारचौघांत म्हणू नका. आपल्या लोकांकडून हे प्रेमानं बोललं जातं, पण ऐकणाऱ्याच्या ते जिव्हारी लागतं. टांगलेल्या फळ्यांवरचा मजकूरही जवळून टिपू नका, तिथे माणसांनी नावानिशी आपलं दुःख लिहिलेलं असतं.

चिनी मातीच्या लहान सशात घातलेली चिठ्ठी इथे मिळते. चिठ्ठी वाचून झाल्यावर ससा आवारात मांडायचा किंवा घरी न्यायचा. मांडायचा असेल तर आधीपासून मांडलेले ससे हलवून जागा करू नका, टोकाला ठेवा. फोटोसाठी दुसऱ्यांच्या सशांची रांग जुळवू नका, तेही कुणीतरी नवस म्हणून ठेवलेले असतात.

ओतोयोहून दक्षिणेला एइकान्दो आणि नान्झेनजीकडे जाणार असाल, तर ही दोन्ही बौद्ध देवळं आहेत. तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, हात जोडून शांतपणे नमस्कार करायचा. सकाळभर टाळ्या वाजवून हाताला सवय लागलेली असते, म्हणून आत शिरण्याआधी सोबतच्या सगळ्यांना पुन्हा एकदा सांगा.